नाव चेतक, गाडी कुठली?

मंडळी, सुरुवात एका सीट कव्हरने करू. आमच्याकडे जुनी, पेट्रोलवरची चेतक आहे. मध्यंतरी तिच्यासाठी ऑनलाइन कव्हर मागवलं. 'चेतक' हे नाव वाचलं आणि पैसे भरले. घरी आलं ते इलेक्ट्रिक चेतकचं. विकणाऱ्याने खोटं काही लिहिलं नव्हतं, आम्हीही चुकीचं वाचलं नव्हतं. मग घोळ झाला कुठे? आज तेवढंच बोलायचंय.

डोलवीत हे बोलायला बरं वाटतं, कारण नावांचा उलटा खेळ तुम्ही रोज बघता. इथला पोलाद कारखाना आधी निप्पॉन डेन्रो इस्पातचा, मग इस्पात इंडस्ट्रीज, आणि २०१० च्या अखेरीस झालेल्या व्यवहारानंतर तो जेएसडब्ल्यूकडे गेला. पाटी बदलत गेली, कारखाना वाढला, पण धरमतरच्या खाडीकाठी तिथेच राहिला. त्यामुळे कुठल्याही नावाने पत्ता विचारला तरी माणूस चुकत नाही.

चेतकने दोन्ही खेळ पाहिले. १९७१ पर्यंत बजाज इटलीच्या पियाज्योच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायची. करार संपला आणि १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. नाव नवं, यंत्राचं घराणं जुनंच. २००९ साली बजाजने स्कूटर बंद करायचं ठरवलं. २०१९ मध्ये चेतक परत आली ती बॅटरीवर. या वेळी नाव जुनं, यंत्र नवं. दरम्यान २०१२ साली पियाज्योने बारामतीत व्हेस्पा बनवायला घेतली. म्हणजे जुन्या चेतकची खरी भावकी आज दुसऱ्याच नावाने विकली जाते!

आता टीका. नवी गाडी वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. टू-स्ट्रोकच्या निळ्या धुरासाठी कुणी अश्रू ढाळू नयेत. आमचा आक्षेप आहे तो आठवणीच्या वापराला. 'चेतक' म्हटलं की काय आठवतं? गाडी एका बाजूला कलवून मारलेली किक. डाव्या मुठीतले गिअर. रस्त्याच्या कडेला प्लग काढून, फडक्याने पुसून परत बसवणारे वडील. पानं घेऊन बसलेला गावोगावचा मेकॅनिक. नावावरचा भरवसा या सगळ्यातून तयार झाला. गाडी बंद पडायची, पण ती आपल्याला उघडता यायची. नव्या गाडीत प्लग नाही, बॅटरी आणि सॉफ्टवेअर आहे. ती अडली तर बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. भरवसा नावाबरोबर पुढे आला, त्याचं कारण मात्र मागेच राहिलं.

पण आपल्या आठवणीही फार प्रामाणिक नाहीत हो. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, हे आपण सोयीने विसरतो. 'हमारा बजाज' ही जाहिरात १९८९ ची. तिच्यातला अभिमान खरा होता, पण त्या काळी पर्यायही मोजकेच होते. नाइलाजाने जुळलेल्या संसाराला आज आपण प्रेमविवाह म्हणतोय. कंपनी आपली आठवण विकते हे खरं, पण ती आठवण आधी रंगसफेदी करून आपणच तिच्या हातात देतो.

मग करायचं काय? जुन्या वस्तूचं नाव नव्या वस्तूवर दिसलं की दोन गोष्टी विचारा. जुन्यातलं यात नेमकं काय उरलंय? आणि ही बिघडली तर जवळपास कोण उघडू शकतो? उत्तरं पटली तर खुशाल घ्या. सुटे भाग विकणाऱ्यांनी नावापुढे साल आणि 'पेट्रोल' की 'इलेक्ट्रिक' एवढं लिहिलं, तरी निम्मा घोळ मिटेल.

ते कव्हर परत केल्यावर आम्ही पेणला एका गॅरेजात गेलो. चेतक म्हणताच तिथल्या मेकॅनिकने पहिला प्रश्न केला, "काका, पेट्रोलची का चार्जिंगची?" आम्ही पैसे भरण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. एवढं कबूल करतो आणि थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.