टाळी कोणाची?

भोरकर मंडळी,

मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा आपल्याला काही लांबची नाही. पौषात डोक्यावर देव्हारा घेऊन तृतीयपंथी भक्त येतात, आपण वाकून नमस्कार करतो. तीच व्यक्ती दोन दिवसांनी एसटी स्टँडवर दिसली, की आपण एकमेकांना कोपर मारून हसतो. हे 'आपण' म्हणजे आम्हीसुद्धा, बरं का. आजचा विषय त्या हसण्याचा आहे.

मराठी पडद्यानं हे हसू कसं वापरलं ते बघू. तमाशापटांतला नाच्या म्हटलं की गणपत पाटील आठवतात. ते संसारी माणूस होते, पण लोकांनी पडद्यावरची भूमिका त्यांच्या घरापर्यंत नेली. विनोद थिएटरात संपला नाही, तो माणसाला चिकटला.

मग २०१० साली 'नटरंग' आला, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. तालमीत कमावलेल्या अंगाचा गुणा फड उभा करण्यासाठी नाच्या होतो आणि त्याची विटंबना होते. आपण रडलो. पण का रडलो? गुणा 'खरा तर मर्द' आहे हे आपल्याला ठाऊक होतं म्हणून. तो तसा नसता, तर रडलो असतो का? चित्रपट मोठाच आहे, पण हा प्रश्न तो आपल्याला विचारत नाही.

तेरा वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच रवी जाधवांनी गौरी सावंत यांच्या आयुष्यावर 'ताली' ही मालिका केली. मधल्या काळात, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली होती. मालिकेत आदर आहे, पण मुख्य भूमिका सुश्मिता सेनची. शिवाय आदर मिळतो तो पराक्रमाला: कोर्टात लढली, आई झाली, म्हणून टाळ्या. म्हणजे बघा, आपल्या सहानुभूतीची अट आहे. एकतर तू आतून पुरुष असावंस, नाहीतर थोर असावंस. नुसतं साधं माणूस असून चालत नाही.

इथं मोबाइल कामाला येतो. दिशा पिंकी शेख यांच्यासारख्या कवयित्रीनं फेसबुकवर स्वतःच्या शब्दांत लिहिलं. आज कितीतरी जणी घरमालकाची, महागाईची, न जमलेल्या भाकरीची थट्टा करतात. यात लढा नाही, उपदेश नाही. रोजचं जगणं आहे, आणि तेच महत्त्वाचं आहे.

जरा लांब बघू. पॅलेस्टिनी माणूस आपल्याला बातमीतच भेटतो, मेलेला नाहीतर रडणारा. १९६७ नंतर ताब्यातल्या प्रदेशात त्यांच्या झेंड्यावर बंदी आली, तेव्हा कापलेलं कलिंगड झेंड्याच्या जागी आलं. लाल, हिरवा, काळा, पांढरा, चारही रंग त्यात आहेत. आता घाला बंदी फळावर! तेच कलिंगड आज लोकांच्या फोनवर फिरतं. दोघांचं दुःख एक नाही, तराजूत घालायचंही नाही. कलिंगड ओळख लपवून दाखवतं, टाळी ती उघड वाजवून सांगते. पण दोन्हीकडे मागणी एकच आहे: आम्हाला फक्त पीडित म्हणून बघू नका, आम्हालाही विनोद कळतो.

आता कुणी म्हणेल, मग आम्ही हसायचंच नाही का? हसा की! फक्त एक कसोटी लावा. विनोद संपल्यावर साडी सोडून घरी कोण जाऊ शकतं? टीव्हीवरचा नट जातो. ओढणी घेऊन टाळ्या वाजवत रील करणारा पोरगा पण जातो, लाइक मोजत झोपतो. जिची टाळी त्यानं उसनी घेतली, ती मात्र दुसऱ्या दिवशी खोली शोधायला जाते आणि तोच रील बघितलेला मालक दार लावतो. विनोदाचं भाडं असं तिसऱ्याकडूनच वसूल होतं.

आणि तिनं स्वतः विनोद केला तर? खालच्या कमेंटमध्ये विनोदाबद्दल चकार शब्द नसतो, फक्त 'तू नक्की कोण?' एवढाच प्रश्न.

तेव्हा आजपासून आपण एवढं करू. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तसला व्हिडिओ आला, तर पुढं ढकलण्याआधी ही कसोटी लावू. आणि तिचा एखादा विनोद खरंच जमला असेल, तर ती कोण आहे हे न विचारता खळखळून हसू. अशा हसण्यातही मान देणं असतं.