वृक्षाची मांडणी आणि क्रियेचा निकष : एपीएलच्या संदर्भात

केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ मधील ग्रंथातील संकेतलेखनातून एपीएल ही संगणकभाषा साकारली. समान लांबीच्या ओळींचा अ‍ॅरे ही तिची मूळ रचना होय. साहजिकच असमान शाखांचा वृक्ष तीत कसा मांडावा, हा प्रश्न उपस्थित होतो. १९८४ च्या एपीएल२ ने अ‍ॅरेच्या घटकात अ‍ॅरे ठेवण्याची मुभा दिली. ही मांडणी वाचावयास सुलभ आहे; परंतु तिच्यावरील क्रिया एकेका शाखेत उतरत जाते आणि संपूर्ण अ‍ॅरेवर एकदम क्रिया करण्याचे भाषेचे सामर्थ्य उणावते.

दुसरा पर्याय म्हणजे प्रत्येक घटकापुढे केवळ त्याच्या जनकाचा क्रमांक नोंदविणे. शून्यापासून मोजल्यास ० ० ० १ १ ही सूची पाच घटकांचा वृक्ष दर्शविते. मूळ घटक स्वतःचाच जनक असतो. याच सूचीतील क्रमांकांनी तिच्यातीलच नोंदी उचलल्या, की सर्व घटकांच्या जनकांचे जनक एकाच पदावलीत मिळतात. मात्र मधला एखादा घटक वगळताच पुढील क्रमांक व जनकनोंदी बदलाव्या लागतात. म्हणून सपाट मांडणी सदैव श्रेष्ठ, हे मतही एकांगी ठरते. रचनेची निवड माहितीच्या बाह्यरूपावरून नव्हे, तर तिच्यावर वारंवार करावयाच्या क्रियांवरून व्हावी. अध्यापनातही हाच क्रम इष्ट होय.