नवा संगणक, जुनी अवजारे

गडचांदूरला सिमेंट कारखान्यात काम करणाऱ्या एका पालकांनी मध्यंतरी आम्हांला दुकानदाराने लिहून दिलेला कागद दाखवला. मुलाला सॉफ्टवेअर शिकायचे आहे म्हणून सुचवलेला तो संगणक खेळांसाठीच्या ग्राफिक्स कार्डासह होता, आणि त्याची किंमत त्यांच्या काही महिन्यांच्या पगाराइतकी होती. आम्ही मुलाला विचारले, "शिकणार कशावर?" तो म्हणाला, "टर्बो सी++ वर. कॉलेजात तेच आहे."

यंत्र आजचे आणि अवजार तीस वर्षांपूर्वीचे! पैसे मोजण्यापूर्वी ही विसंगती तपासायला हवी.

बोर्लंड कंपनीचे टर्बो सी++ १९९० मध्ये आले. त्या काळी ते उत्तम होते. आज्ञावली लिहिणे, तपासणे आणि चालवणे एकाच पडद्यावर होई, आणि डॉसवर चालणाऱ्या लहानशा संगणकालाही ते पेलत असे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रात अनेक वर्षे सी++ होते. त्यामुळे टर्बो प्रयोगशाळांत शिरले आणि पुष्कळ ठिकाणी तिथेच राहिले. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाही. डॉसबॉक्स नावाची आज्ञावली नव्या यंत्राला जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावते, तेव्हा कुठे ते उघडते.

यात बिघडले काय? एक प्रयोग करून पाहा. एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतचा गुणाकार, म्हणजे क्रमगुणित, काढण्याची आज्ञावली प्रत्येक विद्यार्थी लिहितो. टर्बोमध्ये 'इंट' प्रकार वापरून ७ चे उत्तर ५०४० येते, ते बरोबर आहे. ८ चे उत्तर ४०,३२० यायला हवे, पण पडद्यावर उमटते उणे २५,२१६. कारण टर्बोचा 'इंट' १६ बिटांचा असतो आणि त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. त्यापुढे मोजणी ६५,५३६ ने मागे जाते. विद्यार्थ्याला वाटते, आपलाच तर्क चुकला. तर्क बरोबर असतो. चूक आता वापरात नसलेल्या यंत्राच्या मापाची असते.

भाषेचेही तसेच आहे. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ चे, म्हणजे टर्बोनंतरचे. टर्बोत शिकवलेले 'आयओस्ट्रीम डॉट एच' किंवा 'क्लिअरस्क्रीन' आजचे कंपायलर सहसा स्वीकारत नाहीत. पाठ केलेली आज्ञावली पहिल्याच नोकरीत, किंवा पुढच्याच वर्गात, निरुपयोगी ठरते.

शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. प्रात्यक्षिक परीक्षा, वह्या, मार्गदर्शिका सारे टर्बोला धरून असते. पण पुस्तकेही बदलली आहेत. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' मध्ये पुढच्या आवृत्त्यांत विंडोज आणि लिनक्सवरील सी ची प्रकरणे आली. पुस्तक पुढे गेले, प्रयोगशाळा मागे राहिली.

मग काय निवडावे? सी आणि सी++ साठी जीसीसी हा मोफत कंपायलर आहे. त्याच्या नेहमीच्या ३२ बिटांच्या 'इंट' मध्ये क्रमगुणित १२ पर्यंत बरोबर येते. १३ ला ६,२२,७०,२०,८०० ऐवजी सामान्यतः १,९३,२०,५३,५०४ येते. हे उत्तर धन असल्याने अधिक फसवे आहे. मर्यादा इथेही आहेच. पण ती आजच्या यंत्रावरची आहे, म्हणून शिकवण्याजोगी आहे.

नवशिक्यांसाठी आम्ही पायथॉन आणि एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात तयार झालेले थॉनी सुचवतो. थॉनीमध्ये आज्ञावली एकेक पायरी चालवून कोणत्या चलात काय आहे ते पाहता येते. पायथॉन ३ मध्ये चलांना 'बेरीज', 'गुण' अशी देवनागरी नावेही देता येतात. दोष सांगायचा तर पायथॉनचे पूर्णांक हवे तितके वाढतात, त्यामुळे वरची मर्यादा मुलांना दिसतच नाही. म्हणून पायथॉननंतर सी कडे वळावे. ही साधने एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. पावसाळ्यात नेटवर्क जाणाऱ्या गावांत ही सोय लहान नाही.

या साधनांना ग्राफिक्स कार्ड लागत नाही. दोन गाभ्यांचा ६४ बिटांचा प्रोसेसर, शक्यतो ८ जीबी स्मृती आणि फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी एवढे पुरते. हा संगणक वापरलेलाही चालेल. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण तेवढ्यामुळे जुने यंत्र टाकाऊ होत नाही. त्यावर लिनक्स घालता येते. घेताना कळफलक, बॅटरी आणि चार्जर मात्र स्वतः तपासावेत. मोबाइलवर धडे वाचता येतात, परंतु रोज शंभर ओळी लिहायला कळफलकच हवा.

त्या पालकांना आम्ही कागद परत दिला आणि सांगितले, आधी अवजार ठरवा, मग यंत्र. शिक्षकांनी आपल्या प्रयोगशाळेत उद्याच ८ चे क्रमगुणित काढून पाहावे. उत्तर उणे आले, तर ती चूक विद्यार्थ्याच्या वहीत तांबड्या शाईने दाखवू नये.