मार्प्रेलेट पत्रकयुद्ध
पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत (१५५८–१६०३) इंग्लंडमधील बिशपांची धर्मसत्ता आणि तिला विरोध करणारे प्यूरिटन ह्यांच्यात छापील पुस्तिकांच्या द्वारे झालेला वाद. ऑक्टोबर १५८८ ते सप्टेंबर १५८९ ह्या अवघ्या वर्षभरात ‘मार्टिन मार्प्रेलेट’ ह्या टोपणनावाशी निगडित असलेली सात पत्रके गुप्तपणे छापली गेली. मार्प्रेलेट म्हणजे धर्माधिकाऱ्यांना धुळीस मिळविणारा. ह्या पत्रकांतील धर्मशास्त्रीय मुद्दे नवे नव्हते. ते मांडण्याची रीत मात्र सर्वस्वी नवी होती. इंग्रजी गद्याच्या इतिहासात ह्या वादाला जे महत्त्व आहे, ते त्या रीतीमुळेच.

बिशपपदाला बायबलचा आधार नाही. चर्चचा कारभार समान दर्जाचे धर्मोपदेशक आणि निवडलेले वडीलधारे ह्यांच्या मंडळांकडे असावा, असे प्यूरिटनांतील प्रेसबिटेरियन मताच्या लोकांचे म्हणणे होते. जॉन फील्ड आणि टॉमस विल्कॉक्स ह्यांनी १५७२ मध्ये पार्लमेंटला उद्देशून काढलेल्या पत्रकात ते प्रथम जाहीरपणे मांडले गेले आणि त्यावरून जॉन व्हिट्‌गिफ्ट व टॉमस कार्टराइट ह्या दोन विद्वानांत दीर्घ वाद झाला. १५८३ मध्ये व्हिट्‌गिफ्ट कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि त्याने प्यूरिटन धर्मोपदेशकांवर कडक निर्बंध घातले. १५८६ च्या स्टार चेंबरच्या हुकमाने मुद्रणव्यवसाय लंडन आणि दोन विद्यापीठे ह्यांपुरता मर्यादित झाला. पुस्तकांना अनुज्ञा देण्याचा अधिकार आर्चबिशप आणि लंडनचा बिशप ह्यांच्या हाती गेला. वादातील एक पक्षच अशा रीतीने दुसऱ्या पक्षाच्या लेखनाचा परीक्षक झाला. १५८७ मध्ये सॉल्झबरीचा डीन जॉन ब्रिजेस ह्याने चर्चच्या प्रस्थापित व्यवस्थेच्या समर्थनार्थ सुमारे १,४०० पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला त्याच मापाचे उत्तर देणे प्यूरिटनांना शक्य नव्हते आणि तसे उत्तर कोणी वाचलेही नसते. मार्टिनचा जन्म ह्या अडचणीतून झाला.

एप्रिल १५८८ मध्ये अधिकाऱ्यांनी रॉबर्ट वॉल्डग्रेव्ह ह्या प्यूरिटन मुद्रकाचे छापखान्याचे साहित्य जप्त करून नष्ट केले. त्यानंतर जॉन पेन्‍री (१५६३–९३) ह्या वेल्श प्यूरिटनाच्या व्यवस्थेखाली एक फिरता छापखाना सुरू झाला. मार्टिनचे पहिले पत्रक लंडनजवळील ईस्ट मोल्झी येथे एलिझाबेथ क्रेन ह्या विधवेच्या घरी, तर दुसरे नॉर्‌दॅम्प्टनशरमध्ये सर रिचर्ड नाइट्‌ली ह्याच्या फॉझ्‌ली येथील वाड्यात छापले गेले. पुढे छापखाना कॉव्हेंट्री येथे आणि तेथून वुल्स्टन येथे नेण्यात आला. वॉल्डग्रेव्हनंतर जॉन हॉजकिन्स ह्याने मुद्रणाचे काम पतकरले. छापखाना मँचेस्टरकडे नेत असताना वॉरिंग्टन येथे गाडीतून काही खिळे सांडले, तेव्हा ते बंदुकीचे छर्रे असल्याचे सांगून त्याने बघ्यांची समजूत घातली. ऑगस्ट १५८९ मध्ये मँचेस्टरजवळ अर्ल ऑफ डार्बीच्या माणसांनी छापखान्यावर झडप घातली. त्यानंतरही सप्टेंबरमध्ये मार्टिनचे अखेरचे पत्रक बाहेर पडले. पत्रकांच्या कर्तृत्वाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. पार्लमेंटचा माजी सभासद जॉब थ्रॉकमॉर्टन (१५४५–१६०१) हाच मुख्य लेखक असावा, असे मत लीलँड कार्लसन ह्याने १९८१ मध्ये सविस्तर पुराव्यांसह मांडले आणि आज ते सामान्यतः मान्य झालेले आहे.

मार्टिनची शैली बोलभाषेची आहे. तो बिशपांना समोर उभे करून, घरच्या माणसाशी बोलावे तसे एकेरी नावाने संबोधतो. मध्येच हसतो, स्वतःलाच अडवितो, समासात कोणी आक्षेप घेत असल्याचे दाखवून त्यालाही झिडकारतो. पत्रकांवर मुद्रणस्थळाच्या थट्टेखोर खोट्या नोंदी असतात. विंचेस्टरचा बिशप टॉमस कूपर ह्याच्या आडनावाचा अर्थ पिंपे दुरुस्त करणारा असा होतो. त्यावर कोटी करून मार्टिनने आपल्या एका पत्रकाला रस्त्यावर फिरणाऱ्या अशा कारागिराची आरोळीच शीर्षक म्हणून दिली. सिद्धांताच्या चर्चेत तो लहानसहान लौकिक हकिकती गुंफतो. लंडनचा बिशप जॉन एल्मर ह्याने रंगाऱ्यांचे चोरीला गेलेले कापड सापडल्यावर स्वतःकडेच ठेवले, आपल्या दाराच्या आंधळ्या रखवालदाराला धर्मोपदेशक केले, असे आरोप तो करतो. त्यांतील काही आरोप ऐकीव, तर काही उघडउघड खाजगी आणि अनुदार आहेत. कूपरच्या संसारावर त्याने केलेली चेष्टा त्याच्या पक्षाला शोभणारी नव्हती. तथापि ह्या हकिकतींमागे एक युक्तिवाद आहे : ज्या पदाला दैवी म्हटले जाते, त्यावरील माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कसा वागतो, हे पाहण्याचा अधिकार सामान्य माणसाला आहे. गंभीर ग्रंथ लोक वाचत नाहीत, म्हणून विनोदाच्या मार्गाने सत्य सांगणे धर्माला सोडून नाही, असे समर्थनही त्याने केले आहे. ते त्याच्या मित्रांनाही पटले नाही. कार्टराइटने ह्या लेखनाविषयी नापसंती दर्शविली आणि प्यूरिटन आपल्यावर रुष्ट असल्याचे मार्टिनने स्वतःच कबूल केले.

बिशपांनी प्रथम गंभीरपणे उत्तर दिले. जानेवारी १५८९ मध्ये कूपरचा ग्रंथ आला आणि फेब्रुवारीत अशा पुस्तकांविरुद्ध राजघोषणा निघाली. कूपरने रंगाऱ्यांच्या कापडापर्यंत प्रत्येक आरोपाचा खुलासा केला; पण एखाद्या बिशपाला कापडाच्या गठ्ठ्याविषयी छापील खुलासा करावा लागणे, हाच मार्टिनचा विजय होता. पुढे आर्चबिशप झालेल्या रिचर्ड बॅंक्रॉफ्टच्या सल्ल्यावरून मार्टिनला त्याच्याच भाषेत उत्तरे देण्यासाठी व्यावसायिक लेखकांची योजना करण्यात आली. जॉन लिलीने १५८९ मध्ये एक पत्रक लिहिले. नादमधुर, तोलून मापून रचलेल्या वाक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या लेखकाला शिवराळपणाचे सोंग पेलले नाही. त्याचा संताप ओढूनताणून आणलेला वाटतो. टॉमस नॅश (१५६७–सु. १६०१) ह्याची गोष्ट वेगळी. १५९० मधील एक मार्टिनविरोधी पत्रक सामान्यतः त्याचे मानले जाते. त्यात मार्टिनची मते खोडून काढण्यापेक्षा त्याची लकब उचलण्याकडेच अधिक लक्ष आहे. मार्टिनची टर उडविणारी नाटकेही रंगभूमीवर आली. पण धर्मविषय नटांच्या तोंडी गेल्याचे पाहून राज्यकर्ते अस्वस्थ झाले आणि नोव्हेंबर १५८९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने नाटकांच्या तपासणीची व्यवस्था करण्याचे आदेश दिले. फ्रान्सिस बेकनने ह्याच सुमारास लिहिलेल्या निबंधात दोन्ही पक्षांच्या ह्या रीतीचा निषेध केला. धर्मविषयाचे प्रहसन होऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाला.

व्यवहारात बिशपांचा पक्ष जिंकला. छापखान्याला आश्रय देणाऱ्यांना १५९० मध्ये स्टार चेंबरने जबर दंड केले. जॉन यूडल ह्या धर्मोपदेशकाला देहान्ताची शिक्षा झाली. १५९२ मध्ये क्षमा मिळाल्यावर तो फार काळ जगला नाही. पेन्‍रीला राजद्रोही लेखनाच्या आरोपावरून २९ मे १५९३ रोजी फाशी देण्यात आले. वॉल्डग्रेव्ह मात्र निसटून स्कॉटलंडला गेला आणि तेथील राजाचा मुद्रक झाला. थट्टेचा लेखक थ्रॉकमॉर्टन अंथरुणावर मेला आणि त्याचा व्यवस्थापक वधस्तंभावर गेला, ही विसंगती मार्टिनच्या हास्याचे मोल ठरविताना विसरता येत नाही. रिचर्ड हूकरने १५९३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात हाच वाद संयमाने आणि तत्त्वचिंतनाच्या पातळीवर हाताळला. विचारांच्या दृष्टीने त्याची योग्यता मार्टिनहून निःसंशय मोठी आहे. परंतु त्याचा वाचक विद्वान होता, मार्टिनचा वाचक बाजारात उभा होता.

विरोधकांनी मार्टिनची भाषा उसनी घेतली, त्याबरोबर त्याची एक मूलभूत भूमिकाही त्यांनी नकळत मान्य केली. चर्चचा कारभार हा सामान्य वाचकाच्या निर्णयाचा विषय नाही, असे बिशपांचे मुख्य म्हणणे होते. त्याच वाचकाचे मन वळविण्यासाठी विनोदी पत्रके छापताच ते लटके पडले. ही भाषा पुढे आवरता आली नाही. नॅश आणि गेब्रिएल हार्वी ह्यांचे १५९२ पासूनचे भांडण ह्याच मुशीतून निघाले. त्यात धर्म नाहीसा होऊन केवळ व्यक्तिद्वेष आणि शब्दविलास उरला. १५९९ मध्ये व्हिट्‌गिफ्ट व बॅंक्रॉफ्ट ह्यांनी त्या दोघांची पुस्तके जप्त करण्याचा आणि पुन्हा न छापण्याचा हुकूम काढला. ज्यांनी हे अस्त्र भाड्याने घेतले, त्यांनाच ते मोडून टाकावे लागले.

१६४१ मध्ये स्टार चेंबर रद्द झाले आणि पत्रकांचा पूर आला. जॉर्ज टॉमसन ह्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ ह्या काळात सुमारे २२,००० पुस्तिका व वृत्तपत्रे संगृहीत केली. मार्टिनचे पत्रक पुन्हा छापले गेले. लेव्हलर पक्षाच्या रिचर्ड ओव्हर्टनने १६४५ मध्ये मार्टिनच्या वंशजाचे नाव धारण करून धार्मिक छळाविरुद्ध लिहिले. जॉन मिल्टनने १६४१-४२ मधील बिशपविरोधी पुस्तिकांत कठोर उपहासाचे समर्थन केले आणि १६४४ मध्ये ॲरिओपॅजिटिका ह्या पुस्तिकेत पूर्वपरीक्षणावरच हल्ला चढविला. अँड्रू मार्व्हेलने १६७२ मध्ये सॅम्युएल पार्करला दिलेल्या उत्तरात हाच उपहास अधिक सफाईदार झाला. मूळ ग्रंथ विस्मृतीत गेला तरी ते उत्तर आवडीने वाचले जाते, असे जॉनथन स्विफ्टने पुढे नमूद केले.

मार्टिनचे स्थान ह्या परंपरेच्या आरंभी आहे. त्याचा उपहास पुष्कळदा अन्यायकारक असून त्याची विचारसंपत्ती उसनी आहे. तरीही अनुज्ञेवाचून बोलणाऱ्या माणसाचा आवाज इंग्रजी गद्याला प्रथम त्याच्या पत्रकांत सापडला. तो आवाज बंद करण्यासाठी त्याच्या शत्रूंनाही त्याच आवाजात बोलावे लागले, ह्यातच त्याचे यश आहे.