रमण राघव आणि पडद्यावरचा संयम

मागील पावसाळ्यात नसरापूर येथील काही तरुण आमच्याकडे आले होते. आदल्या रात्री त्यांनी एका खुन्यावरील हिंदी चित्रपट पाहिला होता आणि त्यावर त्यांची चर्चा रंगली होती. खुनी कसा बोलतो, कसा हसतो, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. आम्ही सहज विचारले, "मेले ते कोण होते रे?" कोणालाच सांगता येईना. जरा वेळाने त्यांच्यातला एक जण म्हणाला, "फादर, मग असले चित्रपट पाहूच नयेत का?"

'पाहू नका' असे सांगून तो विषय तेथेच संपविता आला असता. परंतु प्रश्न प्रामाणिक होता. त्याला उत्तरही तसेच द्यावयास हवे होते. म्हणून आम्ही तीन चित्रपट एकामागून एक पाहिले. त्यांवरून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या चित्रपटांमागील एक माणूस आपल्याच जिल्ह्यात वारला. त्याचे नाव रमण राघव. १९६५-६६ या काळात मुंबईच्या पूर्व उपनगरांत, जुन्या जी.आय.पी. रेल्वेमार्गाच्या कडेने, पदपथांवर व झोपड्यांत निजलेल्या १९ जणांवर हल्ले झाले. त्यांतील ९ जण दगावले. त्या वेळी पोलिसांनी रमण राघवला संशयावरून पकडले होते. पुरावा नसल्याने त्याला सोडून द्यावे लागले. १९६८ साली उपनगरांत तोच प्रकार पुन्हा सुरू झाला. गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी तपास हाती घेतला. अखेर २७ ऑगस्ट १९६८ रोजी अ‍ॅलेक्स फियालो नावाच्या फौजदाराने, कचेरीतील छायाचित्र आणि साक्षीदारांनी केलेले वर्णन ध्यानात ठेवून, त्याला ओळखले. त्याने आपले नाव 'सिंधी दलवाई' असे सांगितले. बोटांच्या जुन्या ठशांनी खरे नाव सांगितले. पुढे त्याने ४१ खुनांची कबुली दिली. फाशीची शिक्षा झाली, परंतु तो असाध्य मनोरुग्ण असल्याचे तज्ज्ञांनी सांगितल्यामुळे ती जन्मठेपेवर आली. येरवड्याच्या कारागृहात त्याची उरलेली वर्षे गेली आणि १९९५ साली ससून रुग्णालयात त्याचा अंत झाला. रुग्णभेटीसाठी ससूनच्या आवारात आम्ही अनेकदा गेलो आहोत. आता तेथे गेलो की हे आठवल्यावाचून राहत नाही.

त्याच १९९५ साली अमेरिकेतील एच.बी.ओ. या दूरचित्रवाणी वाहिनीने 'सिटिझन एक्स' हा चित्रपट दाखविला. दिग्दर्शक ख्रिस जेरोल्मो. आधार रॉबर्ट कलेन यांच्या पुस्तकाचा. सोव्हिएत रशियातील रोस्तोव्ह प्रांतात १९७८ ते १९९० अशी बारा वर्षे मुलांचे व स्त्रियांचे खून करीत राहिलेल्या आंद्रेई चिकातिलोचा शोध, हा त्याचा विषय. ५२ खुनांबद्दल तो दोषी ठरला आणि १९९४ साली त्याला मृत्युदंड देण्यात आला. मुंबई आणि रोस्तोव्ह यांच्यात हजारो मैलांचे अंतर. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच घडली. चिकातिलोही १९८४ साली पोलिसांच्या हाती लागला होता. रक्तगट जुळेना म्हणून तो सुटला आणि पुढली सहा वर्षे मोकळा राहिला.

आता चित्रपटांकडे वळू. श्रीराम राघवन यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडल्यानंतर थोड्याच वर्षांत, १९९१ साली, रमण राघववर सुमारे सत्तर मिनिटांचा एक चित्रपट केला. तो चित्रपटगृहांत रीतसर लागला नाही. रघुवीर यादव यांनी त्यात मुख्य भूमिका केली आहे. पडद्यावर दिसतो तो एक कृश इसम. रस्त्यात भेटला तर आपण मान वळवूनही पाहणार नाही असा. या चित्रपटाचे बळ आम्हांस येथेच जाणवते. खुन्याला राक्षस करून टाकले की प्रेक्षक निर्धास्त होतो. राक्षस दूर कोठेतरी राहतो; आपल्या गल्लीत राहत नाही. तो माणूसच आहे, हे दाखविले की मात्र झोप उडते. चित्रपटाला पैशांचे पाठबळ फारसे नव्हते. ती उणीवच त्याच्या कामी आली, असे आम्हांस वाटते. दिपवून टाकण्याजोगे काही हाताशी नव्हते, म्हणून घडले तेवढेच सांगणे भाग पडले.

आमच्या तरुणांनी पाहिलेला चित्रपट म्हणजे अनुराग कश्यप यांचा २०१६ सालचा 'रमण राघव २.०'. हा चित्रपट त्या जुन्या खुन्याविषयी नाही, हे तो आरंभीच सांगून टाकतो. त्यातील रमण्णा आजच्या मुंबईत वावरतो आणि त्याच्या मागावर असलेला राघवन हा पोलीस अधिकारी स्वतःच व्यसनाच्या आहारी गेलेला आहे. खुनी आणि शोधणारा ही एकाच आत्म्याची दोन अर्धी, असे चित्रपटाला म्हणावयाचे आहे. नवाझुद्दीन सिद्दीकी यांच्या अभिनयसामर्थ्याविषयी दुमत होणार नाही. गणवेशाआडही पाप असू शकते, हा विचारही खोटा म्हणता येणार नाही. तरीही आमचा आक्षेप आहे. सारा प्रकाश त्या दोघांवरच पडल्यामुळे मरणारी माणसे केवळ पायऱ्या होऊन जातात. बहिणीच्या घरातील प्रसंगानंतर आपण हादरतो ते खुन्याच्या थंडपणाने. त्या घराचा शोक करण्यास चित्रपट आपल्याला सवड देत नाही. "मेले ते कोण होते?" या आमच्या प्रश्नावर मुले गप्प राहिली, तो दोष त्या मुलांचा नव्हता.

'सिटिझन एक्स' याच्या नेमका उलट चालतो. त्याचा नायक व्हिक्टर बुराकोव्ह (स्टीफन री) हा न्यायवैद्यकाच्या खोलीतून तपासावर आलेला, अबोल माणूस. आरंभीच एक प्रेत त्याच्यापुढे येते. आसपासचे रान शोधावयास तो माणसे पाठवितो, तेव्हा आणखी कितीतरी प्रेते हाती लागतात. एवढी वर्षे ती कोणीच शोधली नव्हती. वरिष्ठांच्या समितीत त्याला ऐकविले जाते की असले खुनी भांडवलशाही देशांत निपजतात, आपल्याकडे नाही. चित्रपटातील खरे भय या वाक्यात आहे. जे आपल्यात असूच शकत नाही असे आधीच ठरून गेले, ते शोधणार कोण? घाईने कोणावर तरी बोट ठेवले जाते. चिकातिलोने केलेल्या पहिल्या खुनाबद्दल क्राव्चेन्को नावाच्या निरपराध माणसाला १९८३ साली देहदंड झाला, हा इतिहास आहे.

या चित्रपटात पाठलाग नाहीत. आहेत त्या फायली, गाड्यांची स्थानके आणि वर्षे. मोठ्या स्थानकांवर गणवेशातले पोलीस उभे करावयाचे आणि लहान स्थानकांवर साध्या वेशातले, म्हणजे खुनी आपणहून लहान स्थानकाकडे वळेल. एवढी साधी युक्ती, पण तिला लागणारी माणसे मिळावयास कित्येक वर्षे जातात. बुराकोव्हचे वरिष्ठ कर्नल फेतिसोव्ह (डोनाल्ड सदरलँड) प्रथम चतुर, थोडे तुच्छतेने बोलणारे अधिकारी वाटतात. हळूहळू त्यांच्यातही पालट होतो. राजवट सैल झाल्यावर ते बुराकोव्हला सांगतात की, तुम्ही एवढी वर्षे कशी टिकून राहिलात याचे परदेशी तज्ज्ञांनाही नवल वाटते. आणि आपल्याला ते आधी उमगले नाही याबद्दल त्याची क्षमा मागतात. बुराकोव्ह रडू लागतो. आमच्या मते हा चित्रपटातील सर्वांत थोर प्रसंग होय. वरच्या माणसाने खालच्या माणसाची क्षमा मागितल्याचे दृश्य पडद्यावर दुर्मिळ आहे. आणि पडद्याबाहेर त्याहून दुर्मिळ.

शेवटी कबुलीविषयी. धर्मगुरू म्हणून हा विषय आमच्या रोजच्या परिचयाचा आहे. चौकशी अधिकारी दिवसचे दिवस दटावूनही चिकातिलो बोलत नाही. मग मानसोपचारतज्ज्ञ बुखानोव्स्की (मॅक्स फॉन सिडो) येतात आणि त्या अज्ञात इसमाविषयी आपण पूर्वी लिहिलेली पाने त्याला शांतपणे वाचून दाखवितात. आपले मन आपल्यापुढे कोणीतरी उघडून ठेवले आहे, हे पाहून तो कोसळतो. मुंबईत काय घडले? रमण राघव बरेच दिवस मौन धरून होता. त्याला हवे ते कोंबडीचे जेवण मिळाले. पुढे डोक्याला तेल, फणी आणि आरसा मिळाला. मग त्याने सारे सांगितले. दोन्ही कबुल्याच, पण पश्चात्ताप यांतील एकीतही नाही. वैद्यकीय मंडळाच्या डॉक्टरांनी अखेरच्या भेटीत निरोप घेताना हात पुढे केला, तेव्हा रमण राघवने तो घेतला नाही. आपण 'कानून'चे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातील माणसांना शिवणार नाही, असे तो म्हणाला. आपल्या पापाची टोचणी लागावयास जे मन लागते, तेच त्याच्या ठायी मोडून गेले होते. न्यायाने ते ओळखले आणि दोर आवरला. तोही एक प्रकारचा संयमच.

संयमी चित्रपट म्हणजे रक्त कमी दाखविणारा चित्रपट, एवढाच अर्थ आम्ही घेत नाही. प्रकाश कोणावर टाकावयाचा, याचे भान म्हणजे संयम. त्या कसोटीवर 'सिटिझन एक्स' पुष्कळसा उतरतो, १९९१चा 'रमण राघव' आपल्या परीने उतरतो, आणि २०१६चा चित्रपट अभिनयाच्या बळावर दिपवून मागे राहतो. परंतु पूर्ण मापाला एकही पुरत नाही. मुंबईच्या पदपथांवर निजलेल्या त्या लोकांची बाजू घेऊन बोलणारा चित्रपट अजून व्हावयाचा आहे.

त्या तरुणाला आम्ही इतकेच सांगितले: पाहा, पण संपल्यावर मेलेल्यांपैकी एकाचे तरी आयुष्य आठवून पाहा. आठवले नाही, तर चित्रपटाने आपल्याला फसविले असे समजा. त्यानंतर एका संध्याकाळी तो आमच्याबरोबर चेलाडीच्या फाट्यापर्यंत चालत आला. महामार्गाच्या कडेला ताडपत्रीखाली काही मजूर निजण्याच्या तयारीत होते. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "यांची नावे आपल्याला तरी कुठे ठाऊक आहेत, फादर?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.