शकुंतला हें नांव

मुलीचें नांव काय ठेवावें हा प्रश्न वरवर पाहतां घरगुती आहे, आणि त्यावर मासिकाचीं पानें खर्चीं घालणें कोणाला अनाठायीं वाटेल. परंतु जें नांव एखाद्या मोठ्या कवीच्या हातून गेलेलें आहे तें पुन्हां पाळण्यांत घालावयाचें म्हणजे त्या कवीची कृति पुन्हां वाचणें भाग पडतें. निदान मला तरी पडलें. आमच्या नातीच्या बारशाआधीं सूनबाईंनीं 'शकुंतला' हें नांव सुचविलें. हल्लीं दोन अक्षरांत उरकणाऱ्या नांवांचे दिवस. तेव्हां "फार जुनें वाटतें" असें मुलीची आत्या म्हणाली. त्याला उत्तर देण्याची जरुरी नव्हती. आजीचा आक्षेप मात्र निराळा होता. "टाकलेल्या मुलीचें नांव आहे तें," ती म्हणाली. "जन्मतांच आईनें टाकली, पुढें नवऱ्यानें टाकली. दोनदां टाकलेल्या बाईचें नांव जाणूनबुजून कशाला ठेवायचें?" सूनबाईंनीं माझ्याकडे पाहिलें. पंचवीसांहून अधिक वर्षें कॉलेजांत साहित्य शिकविणाऱ्या माणसापाशीं याचें उत्तर तयार असेल अशी त्यांची समजूत असावी. तें तयार नव्हतें.

आक्षेप हंसून सोडून देण्यासारखा नव्हे. नांवाबरोबर कथा येते हें आपल्या लोकांना पक्कें ठाऊक आहे. म्हणून तर कौसल्या आणि सुमित्रा घरोघर सांपडतात, पण कैकेयी कोणी ठेवीत नाहीं. इंग्रजींतही असेंच आहे. 'टेंपेस्ट'च्या नायिकेसाठीं शेक्सपियरनें 'मिरांडा' हें नांव लॅटिन शब्दावरून घडविलें. त्याचा अर्थ 'नवल करण्याजोगी'. तें पुढें नाटक न वाचलेल्या घरांतही सुखानें नांदलें. उलट नाबोकोव्हची 'लोलिता' १९५५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि त्या नांवावर अशी सांवली पडली कीं, कादंबरी न वाचलेला माणूसही तें उच्चारतांना जरा थबकतो. कांहीं नांवें पुस्तकांतून सुटून येतात, आणि कांहींना पुस्तक सोडीत नाहीं. शकुंतला यांपैकीं कोणत्या जातीची?

मराठी घरांत हें नांव रुळलें तें, माझ्या मतें, बहुतांशीं रंगभूमीच्या वाटेनें. विल्यम जोन्सचें इंग्रजी भाषांतर १७८९ सालीं निघालें व युरोप भारावून गेला, ही गोष्ट आम्हां प्राध्यापक मंडळींच्या फार आवडीची. पण मुलींचीं नांवें ठेवणाऱ्या आयांशीं तिचा संबंध तो काय! त्यांना शकुंतला भेटली ती १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलांत, रविवर्म्याच्या चित्रांत, आणि पुढें १९४३ सालच्या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांत. गाणारी, लाजणारी, पायांतल्या कांट्याचें निमित्त करून मागें पाहणारी ही मुलगी. या शकुंतलेपुरती आजीची तक्रार रास्त आहे. तिला पाहिलें कीं पुढचें सगळें डोळ्यांपुढें उभें राहतें.

पण नांव मूळचें कालिदासाचें नव्हे. तें महाभारताच्या आदिपर्वांतलें आहे, आणि तें कां ठेवलें याची हकीकतही तेथें दिली आहे. मेनका मूल मालिनी नदीच्या कांठीं ठेवून निघून गेली. रान श्वापदांचें. तेव्हां शकुंतांनीं, म्हणजे पाखरांनीं, त्या मुलीभोंवतीं कडें करून तिला राखलें. कण्वांनीं तें पाहिलें, मुलीला उचलून आश्रमांत आणलें, आणि पाखरांनीं राखलेली म्हणून तिला शकुंतला म्हटलें. येथें बारकाईनें पाहण्याची गोष्ट ही कीं, हें नांव टाकणारीनें ठेवलें नाहीं. उचलणाऱ्यानें ठेवलें, आणि तेंही स्वतःचें नांव त्यांत न गोंवतां पाखरांना श्रेय देऊन. 'टाकलेली' असा अर्थ या शब्दांतून कोणत्याही ओढाताणीनें निघत नाहीं. 'राखलेली' असा निघतो.

आणि ही व्यासांची शकुंतला रडत परत फिरणारी नव्हे. गांधर्वविवाहाआधींच ती आपल्या मुलाला राज्य मिळावें अशी अट घालते. पुढें मुलाला घेऊन दरबारांत उभी राहते, आणि राजा ओळख नाकारतो तेव्हां भर सभेंत त्याला सुनावते कीं, तुझ्यामाझ्यांत मोहरी आणि मेरु यांचें अंतर आहे. सत्य हजार अश्वमेधांहून भारी आहे. तेथें शापही नाहीं आणि आंगठीही नाहीं. राजाला सर्व आठवत असतें. लोकापवादाच्या भयानें तो खोटें बोलतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप आणून राजाला निर्दोष केलें, आणि त्याची किंमत नायिकेच्या वाणीनें भरली. नाटक त्यामुळें कोमल झालें, हें मान्य. पण दरवर्षीं पांचवा अंक शिकवितांना मला व्यासांची शकुंतला आठवते व कवीचा किंचित् रागही येतो. पांचव्या अंकांत तीही राजाला अनार्य म्हणते खरी. तेवढ्यावरच भागवावें लागतें.

परंतु नांवाच्या बाबतींत कालिदासानें जें केलें तें व्यासांनींही केलें नाहीं. नांवाची व्युत्पत्ति तो सांगत बसत नाहीं. पाखरें मात्र नाटकभर सोडून देतो. चौथ्या अंकांत शकुंतला सासरीं निघते तेव्हां वनानें दिलेला निरोप कोकिळेच्या आवाजांत ऐकूं येतो. पांचव्यांत दुष्यंत तिला जो घाव घालतो तोही पाखराचाच: कोकिळा आपलीं पिलें दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेतात, बायकांची जात अशीच कावेबाज. पाखरांनीं राखलेल्या मुलीला हें ऐकावें लागतें, आणि बोलणाऱ्याला आपण कोठें मारतों आहों याची कल्पनाही नसते.

सातव्या अंकांत याची फेड होते. सिंहाच्या छाव्याचे दांत मोजूं पाहणाऱ्या मुलाचें मन दुसरीकडे वळावें म्हणून तापसी मातीचा मोर आणते व या पाखराचें लावण्य पाहा असें त्याला म्हणते. 'शकुंत' आणि 'लावण्य' हे शब्द जोडून उच्चारले जातात, मुलाला त्यांत आईचें नांव ऐकूं येतें, आणि तो माझी आई कोठें आहे म्हणून इकडेतिकडे पाहूं लागतो. दुष्यंत दचकतो; पण लगेच मनाला आवरतो, कीं जगांत सारख्या नांवाचीं माणसें असतातच, हें नांवाचें मृगजळ ठरूं नये. पत्नी समोर उभी असतां, तिचा चेहरा दिसत असतां, राजाला ओळख पटली नव्हती. मुलाला दोन परक्या शब्दांच्या सांध्यांत आई सांपडते. अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण. टीकाकार आंगठीभोंवतींच घोटाळत राहतात; पण आंगठीनें दिला तो पश्चात्ताप. भेटीची वाट उघडली ती या नांवानें.

आंगठीवरून एक घरची गोष्ट आठवते. माझी एक आत्या शकुंतला होती. तिच्या वडिलांना किर्लोस्करी पदांचें वेड, त्यांनीं हौसेनें तें नांव ठेवलें. लग्नांत नवरदेवानें ताटांत तांदूळ पसरून आंगठीनें त्यांत निराळें नांव लिहिलें, आणि पुढें सासरीं तिला कोणी शकुंतला म्हणून हांक मारली नाहीं. माहेरीं ती शकूच राहिली, पण माहेर वर्षांतून चार दिवसांचें. आम्ही भाचे मंडळी स्टेशनवर "शकूआत्या!" म्हणून ओरडलों कीं ती प्रथम दुसरीकडेच पाही. कालिदासाच्या आंगठीवर राजाचें नांव होतें, आणि त्या नांवाचें एकेक अक्षर रोज मोजीत जा, अक्षरें संपतील तों तुला न्यायला माणूस येईल, असें त्यानें तिला सांगितलें होतें. आमच्याकडच्या आंगठीनें मुलीचेंच नांव पुसलें. आत्याला दोष लागला असेल तर तो शकुंतला असल्याचा नव्हे, नसल्याचा. आणि हें लिहितांना मला हेंही कबूल केलें पाहिजे कीं, तांदळांत आंगठी मींही फिरविली आहे.

हें सगळें मीं घरीं इतक्या विस्तारानें सांगितलें नाहीं. पाखरांची हकीकत तेवढी सांगितली. आजीनें ती शांतपणें ऐकली. "पाखरांनीं राखली, हें आम्हांला कोणी सांगितलेंच नव्हतें," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानें, सूनबाईंकडे वळून, "ठेव. पण पुढें हिच्या लग्नांत ताटांत तांदूळ घ्यायचे नाहींत, एवढें मला आज कबूल कर."

सूनबाईंनीं कबूल केलें. बारशाला आत्येनें मुलीच्या कानांत नांव सांगितलें, चारही अक्षरें, सावकाश.