साफा मशिदीतले दोन खांब

बेळगावच्या किल्ल्याला कुणी संग्रहालय म्हणत नाही, पण आहे ते तसंच. खंदकाच्या आत आठशे वर्षांतल्या इमारती, झाडी, मोकळी जागा. बाहेर किल्ला तलाव. या भागाचा इतिहास एका सकाळी पायी पाहायचा तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. तरीही आपल्या मंडळींच्या किल्लाफेऱ्या मला अपुऱ्या वाटतात.

फेरी ठरलेली. दरवाजाशी फोटो, १८१८ चा मन्रोचा वेढा, १८९२ साली विवेकानंद राहिले ते घर, आणि कमल बस्तीत माना वर करून छतातलं कमळ. कमळ बघावं असंच आहे, ७२ पाकळ्यांवर तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर. पण बस्ती कुणाची, यावर माहिती देणारा (तोही आपल्यातलाच) ‘फार प्राचीन’ म्हणून मोकळा होतो. अहो, साल ठाऊक आहे: १२०४. राजा रट्टांचा चौथा कार्तवीर्य, बांधणारा त्याचा अधिकारी बिचण. हे ज्या शिलालेखांवरून कळतं ते मात्र लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये.

खरा ऐवज साफा मशिदीत आहे, आणि तिथं आपण बाहेरूनच वळतो. मशिदीला जुन्या देवळांचे खांब वापरलेत, त्यातल्या दोघांवर लेख आहेत. एक ११९९ चा, याच कार्तवीर्याचा. दुसरा १२६१ चा, यादव राजा कृष्णाचा. दोन्हींची भाषा कन्नड आणि लिपी नागरी! म्हणजे आपल्याला अक्षरं ओळखीची वाटणार, पण वाक्य लागणार नाही. कन्नड शेजाऱ्याला वाक्य लागेल, पण अक्षरांशी थोडं झटावं लागेल. दोघांनी शेजारी उभं राहून वाचावा असा हा दगड.

यादव म्हटलं की ‘आपले’ आणि कन्नड म्हटलं की ‘त्यांचं’, हा हिशेब या खांबापाशी जुळत नाही. म्हणूनच बहुधा आपण तो टाळतो. सीमाप्रश्नावर माझं मत इथल्या कुठल्याही मराठी माणसाचं असतं तेच आहे. पण १९५६ ची रेघ १२६१ च्या दगडावर ओढायची, याला इतिहास म्हणवत नाही.

पुढच्या फेरीला जुनं कन्नड वाचणारा एखादा अभ्यासक बोलवा. दोन्ही लेखांचं वाचन मराठीत आणि कन्नडमध्ये छापून हातात द्या. चार पानांचं काम आहे. मशिदीत मात्र आधी विचारून, नमाजाच्या वेळा सोडून जायचं.